राजा-दश्शीपर्यंत धरायचं

समोरच्याने स्वतःचे पत्ते न बघता चाल वाढवली, तर आपण किती हलक्या पत्त्यांवर टिकून राहायचं, हे मी कंपनीच्या बंद गेटसमोर बसून शोधून काढलं. उत्तर होतं राजा-दश्शी. ते आजही बरोबर आहे, कोणीही घरी बसून पडताळून बघावं. मी इन्स्पेक्शनचा माणूस. माझ्या सहीने बाहेर पडलेला नग परत आला असं कधी झालं नाही, आणि हे उत्तरही परत येणार नाही. तरीसुद्धा या उत्तरापायी एका माणसाची नोकरी गेली, आणि ती माझ्यामुळे गेली. बायकोला यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. आमची कंपनी घोडबंदर रोडला होती. तेव्हा त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी गवत आणि मध्ये मध्ये कारखाने, एवढंच होतं. दिवाळी झाली आणि एका सकाळी गेटवर टाळेबंदीची नोटीस लागली. युनियनने गेटसमोर ताडपत्रीचा मांडव घातला आणि एक रजिस्टर ठेवलं. कामगारांनी काम सोडून दिलं असं कंपनीला उद्या कोर्टात म्हणता येऊ नये, म्हणून रोज सकाळी नऊला प्रत्येकाने येऊन हजेरी मांडायची आणि दुपारी एकपर्यंत तिथेच बसायचं, असा नियम होता. मी डोंबिवलीहून डबा घेऊन यायचो. बंद गेटसमोर बसायला डबा घेऊन जाणारा नवरा! बायको डबा हातात देताना माझ्याकडे बघायची नाही.

चार तास बसून करायचं काय? पहिला आठवडा भाषणांत गेला. मग भाषण करणाऱ्यांचाही घसा बसला आणि पत्ते निघाले. तीन पत्ती. पैसे लावायला कोणाकडे नव्हतेच, म्हणून आम्ही वॉशर लावायचो. एकाच्या स्कूटरच्या डिकीत वॉशरची एक पिशवी राहून गेली होती. आत असताना त्या वॉशरकडे कोणी ढुंकून बघितलं नसतं. बाहेर बसल्यावर त्यांच्यावरून माणसं अबोला धरायला लागली.

खेळ साधा. प्रत्येकी तीन पत्ते. सुरुवातीला सगळ्यांनी एकेक वॉशर मध्ये टाकायचा, त्याला बूट म्हणतात. मग ज्याला पत्ते न बघता खेळायचं त्याने ब्लाइंड खेळायचं. ज्याने पत्ते बघितले त्याला ब्लाइंडवाल्याच्या दुप्पट लावावे लागतात. जमत नसेल तर पत्ते खाली टाकायचे, म्हणजे पॅक व्हायचं. दोघंच उरले की शो मागायचा, हा आमच्या गेटवरचा नियम.

आमच्यात एक स्टोअरकीपर होता. गोरा, गुबगुबीत, सतत पान. पत्ते वाटून होतात न होतात तोच तो मध्ये चार वॉशर फेकायचा. "ब्लाइंड चार," म्हणायचा आणि मांडी बदलून बसायचा. पत्त्यांना हातसुद्धा लावायचा नाही. म्हणजे बाकीच्यांना टिकायचं तर आठ टाकायचे. आम्ही आपापले पत्ते उचलायचो. कोणाकडे राणी-सत्ती-दुरी, कोणाकडे राजा-नव्वी-चौकी. अशा पत्त्यांवर आठ कोण टाकणार? एकेक जण पॅक. शेवटी तो मधले सगळे वॉशर ओढून घ्यायचा आणि स्वतःचे पत्ते उलटून दाखवायचा. त्यात बहुतेक वेळा काही नसायचं. तो हसायचा. आम्हीपण हसायचो, का ते देव जाणे.

सगळ्यात आधी पॅक होणारा मी. हा माझा स्वभावच. शाळेत असल्यापासून समोरच्याने आवाज चढवला की मी कच खायचो. घर घेताना बिल्डरने पहिला जो भाव सांगितला त्यालाच मी मान हलवली होती. फक्त एका ठिकाणी मी कोणाचं ऐकायचो नाही, ते म्हणजे माझं इन्स्पेक्शनचं टेबल. तिथे मोठा साहेब आला तरी नग मापात नसेल तर मी सही करायचो नाही, कारण तिथे माझ्या हातात माप असायचं. माप हातात असलं की मला भीती वाटत नाही. म्हणून मी ठरवलं की स्टोअरकीपरचंही माप काढायचं.

डबा ठेवायच्या पिशवीत मी एक वही ठेवली. तो किती वेळा न बघताच वाढवतो आणि शेवटी त्याच्याकडे काय निघतं, हे आठ दिवस लिहून काढलं. मग घरी दुपारी जमिनीवर बसून पत्ते पिसायचो, तीन-तीन वाटायचो आणि चांगल्यापासून वाईटापर्यंत लावत जायचो. बायको शेजारी तांदूळ निवडत बसायची.

"टाळेबंदी झालेल्या माणसाने घरी पत्ते खेळावेत, हे काय बरं दिसतं का?" ती म्हणाली.

"खेळत नाही. तपासतोय," मी म्हणालो.

तिने सूप उचललं आणि आतल्या खोलीत गेली.

पण उत्तर निघालं. जो माणूस पत्ते बघत नाही त्याच्याकडे काय आहे हे त्यालाही माहीत नसतं, त्याच्याकडे काहीही असू शकतं. आणि 'काहीही'चा बरोबर मध्य राजा-दश्शीवर पडतो. आपल्याकडे राजा आणि त्याच्या जोडीला दश्शी किंवा त्याहून मोठं पान असेल, तर निम्म्याहून जास्त वेळा आपण त्याच्या वर असतो. आम्ही आजवर जोडी आल्याशिवाय टिकत नव्हतो. एक्का असला तरी बरोबर लहान पानं बघून टाकून देत होतो. म्हणजे चांगले पत्ते आम्ही आमच्याच हाताने फेकून देत होतो आणि तो नुसत्या आवाजावर जिंकत होता. मध्ये पडलेले बुटाचे वॉशर हिशेबात धरले तर राजा-दश्शीच्याही खाली उतरता येतं, हेही मला दिसत होतं. पण तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने चार फेकले. माझ्याकडे राजा-गुलाम-पंजी होतं. मी आठ टाकले. मांडवातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्याने पान तोंडाच्या एका बाजूला घेतलं आणि पुन्हा चार फेकले. मी पुन्हा आठ टाकले आणि शो मागितला. त्याच्याकडे दश्शी मोठी निघाली. मी वॉशर ओढून घेतले. पुढच्या डावात मी हरलो, त्याच्या पुढच्यात जिंकलो. आठवडाभरात त्याचं ते मांडी बदलून बसणं बंद झालं. मला इतका आनंद झाला की मी रस्त्याने जाताना स्वतःशी हसायचो. टाळेबंदी, घरातली ओढाताण, सगळं विसरून. आज त्या हसण्याची मला शिसारी येते.

हे सगळं शेजारी बसून बघणारा एक टर्नर होता, लेथवर लोखंड कातणारा. आमच्या कंपनीतल्या मोठ्या लेथवर त्याच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. त्याचा शाफ्ट माझ्या टेबलावर आला की मी मापायचो ते केवळ नियम म्हणून. तो खाडीकाठच्या एका गावचा कोळी. पिढ्यानपिढ्या घरात होडी. त्याच्या वडिलांच्या डोळ्यांदेखत खाडीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास यायला लागला, जाळ्यात मासळीपेक्षा गाळ जास्त यायला लागला. मग घरातला हा पहिला माणूस शिकाऊ म्हणून कंपनीत चिकटला. मागून भावाने होडी विकून टाकली. आमच्यात राहून तो आमच्यासारखंच बोलायचा, फक्त 'मना' आणि 'हाय' तेवढं राहिलं होतं.

तो जोडीशिवाय कधीच खेळायचा नाही. मी त्याला म्हटलं, "अरे, तू फार चांगले पत्ते टाकतोस. राजा-दश्शी असली तरी धर. तो बघून खेळत नाहीये."

"आन् त्याच्याकडं तीन एक्के निघाले तर?"

"एखाद्या वेळी निघतील. रोज निघणार नाहीत."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्या शब्दावर कोणी इतकं चटकन विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही. तो धरायला लागला आणि जिंकायला लागला. कधी अडला की पत्ते माझ्याकडे किंचित वळवायचा, आणि मी मान हलवायचो किंवा नाही हलवायचो. शर्टाचा खिसा वॉशरने जड होऊन लोंबायचा. "माझी बायको बोलते," तो एकदा म्हणाला, "गेटवर जाऊन लोखंड काय कमवून आणतो, काम कमवून आण." आणि खूप हसला. महिन्याभरात सगळेच मला विचारून खेळायला लागले. मी गेटवरचा मास्तर झालो होतो. आता लिहितानाही सांगतो, मला ते फार आवडत होतं.

मार्च लागता लागता कंपनीचं पत्र आलं. प्रत्येकाच्या घरी वेगळं, पोस्टाने. ठाण्याचा कारखाना कायमचा बंद होत आहे. वापीच्या पुढे नवीन कारखाना सुरू होत आहे. ज्यांना तिकडे नोकरी हवी असेल त्यांनी पंधरा तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत कधीही ठाण्यात कोर्टाजवळच्या एका हॉलमध्ये येऊन सही करावी. जे करणार नाहीत त्यांनी स्वखुशीने नोकरी सोडली असं समजण्यात येईल.

मांडवात आरडाओरडा झाला. युनियनच्या पुढाऱ्याने पत्र फाडून दाखवलं आणि सांगितलं की ही नुसती भीती घालणं आहे, कोणी सही करायची नाही. लोकांनी घोषणा दिल्या. घोषणा संपल्यावर सगळे आपापलं पत्र घडी करून पुन्हा खिशात घालत होते, हे मी बघितलं.

टर्नर माझ्याशेजारी येऊन बसला. बाजूला डाव चालू होता, पण तो खेळत नव्हता. पत्र त्याने दोन्ही हातांत धरलं होतं.

"बायको बोलते, जाऊ या. पोरांच्या शाळेचं तिकडं बघू. माझ्याकडं आता होडी नाय, जाळं नाय. मना लेथशिवाय काय येत नाय." मग त्याने ते पत्र, पत्ते वळवायचा तसं माझ्याकडे किंचित वळवलं. "मना सांग. हे पण ब्लाइंड हाय का?"

मी पत्र पुन्हा वाचलं. खरं तर वाचायचं काही नव्हतं, माझ्याही घरी तेच आलेलं होतं. पण मी चष्मा पुसून वाचलं. शेजारी दोघं-तिघं थांबून ऐकायला लागले होते. मी म्हणालो, "चार महिने गप्प बसले आणि एकदम तारीख दिली. कारण आतून तेच घाबरलेत. तिकडे नुसती जमीन घेतली असेल. उद्या तुमच्यासारखी माणसं मिळाली नाहीत तर मशीन काय साहेब चालवणार आहेत? पहिल्याच चालीला सगळे पॅक होतील एवढीच त्यांची अपेक्षा आहे. धरून राहायचं. पंधरा तारीख उलटली की दुसरं पत्र येईल, ते नरम असेल."

"म्हंजे धरू?"

"धर."

त्याने पत्र खिशात घातलं, वॉशरच्या खिशात, आणि खेळायला बसला. नंतरचे दिवस तो रोज यायचा, काही विचारायचा नाही. एकदा विचारून झालं होतं त्याचं.

पंधरा तारखेला सकाळी बायको म्हणाली, "सही नका करू हवं तर. पण तिथं काय चाललंय ते नुसतं बघून तरी या." तिने डबा भरलाच नव्हता. मी स्वतःची समजूत घातली की किती लोक सही करायला येतात हे बघायला हवं, सॅम्पल घ्यायला हवं. गेटवर हजेरी मांडून मी बाराला काढता पाय घेतला. टर्नर त्या दिवशी हजेरी मांडून लगेच घरी गेला होता, बायकोला बरं नव्हतं म्हणे.

हॉलमध्ये पंखा होता, टेबल होतं आणि आमचा जुना पर्सोनेल ऑफिसर होता. बरीच माणसं पुढे होती. ताटकळत माझा नंबर लागेपर्यंत दोन वाजून गेले. त्याने मला बसायला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत त्याने कधी दिली नव्हती. त्याच्यापुढे सह्यांची यादी होती. मी उलटं वाचायला शिकलेलो आहे, नोकरीतच शिकलो. यादीत पहिलं नाव स्टोअरकीपरचं होतं, पुढे तारीख. पत्र आलं त्याच दिवशी तो सही करून आला होता, आणि पत्ता लागू न देता रोज आमच्यात येऊन चार फेकत होता.

मी काही बोलायच्या आत ऑफिसरने एक फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. "हे तुमचंच अक्षर ना?"

माझंच होतं. दिवाळीच्या आधी मी गेजेसचे, म्हणजे नगाचं माप तपासायच्या साधनांचे, दोन जास्तीचे सेट तपासून पास केले होते. परदेशी गिऱ्हाइकाला द्यायचेत असं मला सांगितलं होतं. प्रत्येक गेजच्या नंबरापुढे माझी सही. आणि खाली दुसऱ्या शाईत, माल मिळाला म्हणून नवीन कारखान्याचा शिक्का. त्याने बोलता बोलता सांगितलं की मोठ्या लेथचा पाया कधीच भरून झालाय, वीज आली आहे, माणसांचं राहण्याचंही बघितलंय. जवळच्या गावांतले टर्नरही बोलून ठेवलेत, पण जुने हात आले तर बरं.

मी एकेक नंबर बोटाने तपासत खाली आलो. राजा-दश्शीचं गणित त्याच्यासाठी आहे ज्याने पत्ते बघितलेले नाहीत. माझ्यासमोरच्यांनी ते बघितले होते, वाटायच्या आधी बघितले होते, आणि तपासून माझ्याकडूनच घेतले होते. बघून वाढवणाऱ्यासमोर राजा-दश्शी म्हणजे निव्वळ कचरा. खेळातलं अगदी प्राथमिक. मी महिनाभर लोकांना शिकवत होतो आणि समोरचा कोण आहे एवढंच बघायचं राहिलं होतं.

मी सही केली. बायकोला विचारायचं, युनियनला काय सांगायचं, यातलं काही मनात आलं नाही. हातात माप आलं होतं, आणि मापाप्रमाणे मी पॅक झालो. ते बरोबरच होतं.

उठताना ऑफिसर म्हणाला, "तुमच्याकडचा तो टर्नर, खाडीकडचा. त्याच्यासाठी जागा ठेवलीये. तो नाही येणार? आम्ही सहापर्यंत आहोत इथं."

"विचारतो," मी म्हणालो.

बाहेर आलो तेव्हा अडीच वाजले होते. त्याच्या गावाला बसने चाळीस मिनिटं, वर दहा मिनिटं चालत. घर मला माहीत होतं, मी जेवून आलेलो होतो तिथे. त्याला घेऊन परत यायला पाच वाजले असते. बसस्टॉपकडे मी गेलोसुद्धा. बस उभी होती. मी चढलो नाही.

का, याचं उत्तर मी बरंच शोधलं. ऊन होतं, दमलो होतो, ही कारणं मी त्या वेळी स्वतःला दिली. खरं एवढंच होतं की त्याच्या दारात उभं राहून 'मी चुकलो' म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. आणि त्याहून वाईट, माझी सही आधी झालेली होती. तो आधी माझ्या तोंडाकडे बघणार, मग विचारणार, तू केलीस का? मला तो चेहरा बघायचा नव्हता. एका माणसाची नोकरी आणि माझी पाच मिनिटांची लाज, यांत मी लाज वाचवली.

मी घरीही गेलो नाही. तलावपाळीला जाऊन कट्ट्यावर बसलो. शेंगदाण्याची पुडी घेतली. पाण्यात होड्या फिरत होत्या, त्यात कॉलेजची मुलंमुली बसली होती. चार वाजले तेव्हा मनात आलं, अजून जाता येईल. साडेचारला वाटलं, रिक्षा केली तर अजूनही जमेल. पाचला वाटलं, आता नाही जमणार, आणि त्या क्षणी मला हायसं वाटलं. हे हायसं वाटणं मी कधीच विसरू शकलो नाही. सहा वाजून गेल्यावर उठलो आणि डोंबिवलीला आलो. बायकोला सांगितलं. तिने देवापुढे दिवा लावला आणि शिरा करायला घेतला. मी तो खाल्ला.

त्यानंतर मी गेटवर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीने सह्यांची यादी गेटला चिकटवली. टर्नरने ती दोनदा वाचली, खिशातले वॉशर काढून सतरंजीवर ठेवले आणि घरी गेला, असं मला नंतर कळलं. दुसरं, नरम पत्र कधीच आलं नाही. पावसाळ्यात मांडव पडला. कोर्टातली केस रेंगाळत राहिली.

वापीच्या पुढे मी नऊ वर्षं काढली. आठवड्याला घरी यायचो. स्टोअरकीपर तिथेही होता, पण आम्ही पुन्हा पत्ते खेळलो नाही. मोठ्या लेथवर तिकडचाच एक माणूस ठेवला होता. बरा होता, बरा म्हणजे त्याचा नग मापावा लागायचा. पुढे तोही कारखाना बंद पडला. त्या वेळी सह्या घ्यायलाही कोणी बसलं नाही, एका सोमवारी गेट उघडलं नाही एवढंच. म्हणजे सही करून मी नऊ वर्षं जास्तीची मिळवली होती. ती त्याचीही असू शकली असती. पोरं मोठी व्हायला तेवढी पुरतात.

मी घरी बसल्यावर सोसायटीने मला सेक्रेटरी केलं. गच्चीच्या दुरुस्तीला रेती हवी होती, म्हणून भाव विचारायला मी रेतीबंदरला गेलो. तिथे खाडीत होड्या उभ्या असतात. माणसं बादली घेऊन तळाशी बुडी मारतात आणि रेती भरून वर येतात. एका होडीवर कडेला एक माणूस दम खात बसला होता. पन्नाशीचा. अंग काळं पडून सुकलेलं, डोळे लाल, एका कानात कापूस. आधी त्याने मला ओळखलं.

तो होडीवरून उतरून आला. आम्ही बांधावर बसलो. "या बाजूला बस," तो म्हणाला, "त्या कानाने नाय ऐकू येत." मी त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसलो. चहा घेतला. किती वर्षं हे करतोस, मी विचारलं. केसचा नाद सोडला तेव्हापासून, तो म्हणाला. मधे एका वर्कशॉपमध्ये लागलेला, ते पण गेलं. बायको गेली दोन वर्षांमागं. मुलगी दिली. बोलताना त्याच्या आवाजात माझ्याबद्दल काही नव्हतं, ना राग, ना आपलेपणा. कोणत्याही ओळखीच्या माणसाशी बोलावं तसा बोलत होता. मी आतल्या आत वाक्यं जुळवत होतो. नऊ वर्षं जुळवत होतो तीच.

"आपली मोठी लेथ तिकडंच गेलेली ना?" त्याने विचारलं.

"हो."

"नीट बसवलेली? बेड सरळ होता?"

"सरळ होता. मीच लेव्हल बघितलेली."

"मग ठीक." त्याने चहाचा शेवटचा घोट घेतला. बोटं चहाच्या ग्लासाभोवती होती. नखं पाण्याने मऊ, पांढरी पडली होती. त्या बोटांनी शाफ्टवर नुसता हात फिरवून तो मला माप सांगायचा.

होडीवरून त्याला हाक आली. तो उठला, ग्लास ठेवला, कापूस कानात आत दाबला. मग जाता जाता, जुनी गोष्ट सहज आठवावी तसं म्हणाला,

"सहापर्यंत होतं ना रे त्या दिवशी? मी घरीच होतो."